कोंडीबाची मेंढरं

मला नीट आजारी पडता येत नाही, हे माझ्या भाचीच्या पहिल्याच आठवड्यात लक्षात आलं. पण तोवर तिने मला कामाला लावून टाकलं होतं, आणि नाही म्हणायला मला आजारी पडण्याहूनही कमी जमतं.

भाची म्हणजे डॉक्टर चंदना. सांगलीतल्या एका धर्मादाय रुग्णालयात ती नर्सेसना शिकवते. ज्यांचा कॅन्सर फार पुढे गेला आहे, जो आता बरा होणार नाही, अशा माणसांची काळजी कशी घ्यायची, हा तिचा विषय. दुखणं कसं आटोक्यात ठेवायचं, तोंडाची आणि जखमेची निगा कशी राखायची, मॉर्फिन कधी आणि किती द्यायचं, हे सगळं त्यात येतं. आणि त्या माणसाशी बोलायचं कसं, हेही. शेवटचं सगळ्यात अवघड, असं ती म्हणते. त्याची तालीम खऱ्या रुग्णांवर कशी करणार? म्हणून खोटे रुग्ण लागतात.

आम्ही दोघे खोटे रुग्ण होतो. एक मदन. हा सांगलीतला हौशी नट, पस्तीस वर्षं स्पर्धांमधून कामं केलेला. दुसरा मी, भरतेश चौगुले, वाचनालयातून निवृत्त झालेला, माधवनगरला एकटा राहणारा. मदनचा आजार बघण्यासारखा असायचा. कपाळावर घाम कसा आणायचा हे त्याला ठाऊक होतं. त्याची अडचण एवढीच की तो थांबायचा नाही. "मदनकाका, तुम्हाला फक्त बोलायचंय, मरायचं नाही," असं चंदना दरवेळी बजावायची. तरी तो दोनदा मेला. एकदा तर मलकापूरची एक नर्स खरोखर घाबरून ऑक्सिजन आणायला पळाली.

माझं उलटं. नर्सने विचारलं, "काका, कसं वाटतंय?" की मी म्हणायचो, "बरं आहे. तुमचा चहा झाला का?"

"मामा, तुम्हाला पोटात भयंकर दुखतंय," चंदना मागून म्हणायची.

"हो, ते आहेच. पण मुलगी इतक्या लांबून आलीये."

नर्सेस हसायच्या आणि चंदना डोक्याला हात लावायची. मग म्हणायची, "लिहून घ्या. असेही पेशंट भेटतील तुम्हाला. लाजाळू माणूस दुखणंसुद्धा पाहुण्यासमोर आत नेऊन ठेवतो." माझ्या अपयशातून तिने धडा काढला याचं मला बरं वाटायचं, पण अपयश ते अपयशच.

त्या तुकडीत सातारा आणि सांगली जिल्ह्यांतल्या मिळून सहा नर्सेस होत्या. त्यातली स्वप्नाली पाटणच्या सरकारी दवाखान्यातून आलेली. माहेर जतकडचं, घरात पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं. हाताला इतकी हलकी की तिने सुई दिली तर पाठ फिरवेपर्यंत कळू नये. शिकवलेलं सगळं तिला पाठ होतं. फक्त बोलायची वेळ आली की तिला हसू यायचं.

पहिल्या चाचणीत ती माझ्यामुळेच नापास झाली, असं माझं ठाम मत आहे. चंदनाने एक नवा रुग्ण लिहिला होता. कोंडीबा, वय सत्तर, मेंढपाळ, अन्ननलिकेचा कॅन्सर, घरी म्हातारी बायको, दोन मुलगे, थोरला पुण्याला रिक्षा चालवतो, धाकटा कळपाबरोबर फिरतो. हे सगळं एका कार्डावर होतं आणि कार्ड मदनच्या हाती पडण्याऐवजी माझ्या हाती पडलं. मी डोक्याला टॉवेल बांधून कॉटवर आडवा झालो. स्वप्नाली आली, शेजारी बसली आणि म्हणाली, "दादा, काय व्हतंय तुमाला?"

मी मनात वाक्य जुळवून ठेवलं होतं. म्हटलं, "बाई, माझ्या अन्ननलिकेत असह्य वेदना होत आहेत."

स्वप्नालीने ओठ दाबले. खांदे हलायला लागले. मग ती फुटली ती फुटलीच. तोंडावर ओढणी घेऊन खोलीबाहेर गेली आणि व्हरांड्यातून तिचा आवाज आला, "आवं, अन्ननलिका म्हणतोय वो धनगर!"

अशी चाचणी दोनदाच देता येते. दुसरी शनिवारी होती, आणि ती घ्यायला साताऱ्याहून माने सिस्टर येणार होत्या, ज्यांच्यापुढे डॉक्टरसुद्धा खुर्चीत सरळ बसतात. स्वप्नाली पास झाली तर पाटणच्या दवाखान्याची गाडी तिला घेऊन कोयनेच्या खोऱ्यातल्या वाड्यावस्त्यांवर जाणार होती, अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांच्या घरोघरी. नाही झाली तर ती परत वॉर्डात आणि गाडी शेडमध्ये.

मी चंदनाला म्हटलं, "कोंडीबा मदनला दे. पोरीचं नुकसान नको."

"मदनकाका शनिवारी कोल्हापूरला एकांकिकेत आहेत. आणि त्यांनी कोंडीबा केला तर तो मरेल."

"मग दुसरा कुठला तरी रुग्ण लिही. एखादा वाचनालयवाला."

"मामा, कार्डं साताऱ्याला गेलीत." मग जरा मऊ होऊन म्हणाली, "तुम्ही फक्त अन्ननलिका म्हणू नका."

दुसऱ्या दिवशी दुपारी माझ्या दारात स्कूटर थांबली. स्वप्नाली होती.

"आण्णा, चप्पल घाला. बसा मागं."

"कुठे?"

"तुमाला धनगर करायला."

तिच्या आज्याचा भाऊ हरिबा कळप घेऊन आमच्याच भागात उतरला होता. ऊस तुटून गेला की रिकाम्या रानात दोन-चार रात्री मेंढ्या बसवायच्या, लेंड्यांनी जमीन सुधारते, यासाठी आमच्याकडचे शेतकरी दरवर्षी पूर्वेकडच्या मेंढपाळांची वाट बघतात. स्कूटर कवलापूरच्या रस्त्याने निघाली आणि वळली ती थेट माझ्या चुलत पुतण्याच्या, आर्जवच्या रानात. गेले तीन दिवस सकाळी फिरायला जाताना मी हा कळप बांधावरून बघत होतो. चंदनाचं कार्ड पाठ करत करत.

हरिबा बाभळीखाली बसला होता. बारीक अंगाचा, लाल पटक्याचा. त्याची बायको रंगुबाई चूल पेटवत होती. स्वप्नाली स्कूटर लावता लावता ओरडली, "आजा, हे आमचे पेशंट!"

हरिबाने मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "दिसतंयच की. पार वाळलाय गडी. अगं, घोंगडं टाक ह्यास्नी."

मी काही बोलायच्या आत मला घोंगड्यावर बसवण्यात आलं. रंगुबाईने कमरेच्या पिशवीतून भंडारा काढून माझ्या कपाळाला लावला आणि पूर्वेकडे तोंड करून देवाला काहीतरी सांगितलं. त्यात एका कोकराचा उल्लेख होता एवढं मला कळलं.

"थांबा, थांबा," मी म्हटलं. "मी आजारी नाही."

"सगळेच असं म्हणत्यात," हरिबा समजुतीने म्हणाला.

स्वप्नालीला हसू आवरत नव्हतं. शेवटी तिने सगळी हकिकत सांगितली. रंगुबाई चुलीपासून उठली.

"चांगल्या माणसाला आजारी पाडाय शिकवत्यात व्हय गं तुज्या शाळंत? आन्‌ मी कोकराचा नवस बोलले त्याचं काय?"

"ते ऱ्हाऊ दे आता," हरिबा म्हणाला. "बोललं ते बोललं. म्होरं कवा तरी पडतीलच की आजारी, तवा धरू."

मला हा हिशेब पटला. आम्ही जैन, आमच्या धर्मात कोकरू कापलेलं चालत नाही, असं मी हळूच सांगितलं. रंगुबाई म्हणाली, "कापाय कोण चाललंय? देवाच्या नावानं सोडायचं. फिरल कळपातच." मग ते प्रकरण मिटलं.

स्वप्नालीने म्हाताऱ्याला विचारलं, "आजा, तुजं लय दुखतंय, नर्स आली, तर तू कसं सांगशील? करून दाव की."

हरिबाला एवढंच हवं होतं. त्याने पटका मागे सारला, आडवा झाला, आणि "अगं आई गं! मेलो मेलो!" असा काही ओरडला की दोन्ही कुत्री भुंकत उठली आणि निम्मा कळप उभा राहिला. मला मदनची आठवण झाली.

"ऊठ, ऊठ," रंगुबाई म्हणाली. "परवा दाढंचं दुखत हुतं तवा एवढा वराडला न्हाईस."

"तवा कशाला वराडू? तवा खरंच दुखत हुतं."

"मग काय केलं त्यांनी तेव्हा?" मी रंगुबाईला विचारलं.

"काय करतोय! सांगितलंच न्हाई. सकाळपासनं मेंढरं मोजत बसला. एकदा मोजली, जेवला न्हाई. परत मोजली. मी म्हटलं, कमी हायत का रं? तर म्हणतोय, न्हाई, बरुबर हायत. आन्‌ परत मोजाय लागला. तवा मला कळलं काय तरी बिनसलंय ह्याचं."

हरिबा पटका सारखा करत म्हणाला, "मोजल्यावर जरा बरं वाटतंय."

निघताना त्याने घोंगडं मलाच दिलं. सोंग घ्यायचं तर वास तरी खरा असू दे, म्हणाला. ते मांडीवर घेऊन मी स्कूटरवर मागे बसलो. माधवनगरची पेठ आली. सिग्नलला थांबल्यावर स्वप्नाली मागे न बघता म्हणाली, "आण्णा, तुमच्या बोलण्यावर मला हसू येत न्हाई."

"येतं की. सगळ्यांसमोर आलं."

"ते निमित्त. आमच्यात वंगाळ बोलत न्हाईत. मरण म्हणत न्हाईत, दुखणाईताला तर न्हाईच. तो विचारील, मी बरा हुईन का, आन्‌ मला बरं व्हणार न्हाई म्हणाय लागंल, हे समोर दिसाय लागलं की एक तर हसू येतंय न्हाई तर रडू. मधलं काय मला येतच न्हाई."

"मग हे काम कशाला घेतेस?"

"पाटणला बघितलंय न्हवं. घरी न्या म्हणून सांगत्यात. माणसं न्हेत्यात. पुढं त्या घराकडं कोण फिरकत न्हाई. मला जायचंय त्या घरात." सिग्नल सुटला. "पर पास व्हायला पायजे."

मला तिला धीर देणारं काहीतरी बोलायचं होतं. पुस्तकांत अशी पुष्कळ वाक्यं असतात. तोवर घर आलं.

शनिवारी माने सिस्टर वेळेआधी आल्या. उंच, पांढरे केस घट्ट बांधलेले, हातात पेन. त्यांनी माझ्याकडे, घोंगड्याकडे, परत माझ्याकडे पाहिलं आणि चंदनाला विचारलं, "हा वास कसला?"

"मामा मन लावून काम करतात," चंदना म्हणाली.

बाकीच्या नर्सेस भिंतीला टेकून बसल्या होत्या. मी कॉटवर आडवा झालो. घोंगडं मानेला टोचत होतं आणि शिंक येत होती. मला एकच गोष्ट ठरवता आली होती, ती म्हणजे वाक्य जुळवायची नाहीत.

स्वप्नाली आली. खुर्ची होती, पण ती खुर्चीला वळसा घालून खाली फरशीवरच बसली, म्हणजे तिचं डोकं माझ्या डोक्याच्या बरोबरीला आलं. माने सिस्टरांचं पेन हललं. चांगल्यासाठी की वाईटासाठी, कळलं नाही.

"दादा, मी स्वप्नाली. दवाखान्यातनं आलोय. काय व्हतंय?"

मी छताकडे पाहिलं आणि बोटांची पेरं मोजायला लागलो.

ती थांबली. मी एक हात मोजून दुसरा घेतला. मग परत पहिला. हसू यायचं असतं तर आत्ता यायला हवं होतं. मी डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघितलं. तिच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं. ती माझ्या बोटांकडे बघत होती.

"बरुबर हायत का?" तिने विचारलं.

"हायत."

"मग परत का मोजताय?"

मी अंगठा परत पहिल्या पेरावर ठेवला.

"लय दुखतंय न्हवं दादा?" ती म्हणाली. "रुपयातलं किती आणं?"

माझ्या लहानपणी आमच्या घरी तापही सोळा आण्यांतले किती, असाच सांगायचे. मी म्हटलं, "बारा."

"गिळताना का आडवं पडल्यावर?"

"दोन्ही बी."

ती औषधांचं विचारत गेली. कुठली गोळी, कधी, पोट साफ होतं का, झोप लागते का. दुखणं बारा आण्यांवरून चार आण्यांवर आणू, ते आमच्या हातात आहे, म्हणाली, आणि ते इतकं साधेपणाने म्हणाली की मला खरंच जरा हलकं वाटलं. मग कार्डावरचा शेवटचा प्रश्न राहिला. 'मी बरा होईन का?' तो मला त्या शब्दांत विचारवेना. मोजणारा माणूस असं विचारणार नाही, असं वाटलं. मी म्हटलं, "पोरी, म्होरल्या दसऱ्याला कळप घिऊन खाली उतरंन का मी?"

भिंतीजवळ कुणाची तरी बांगडी वाजली. स्वप्नालीने मान खाली घातली. तिचे खांदे हलायला लागतील म्हणून मी श्वास धरला. त्या वेळी मला आयुष्यात पहिल्यांदा मदन व्हावंसं वाटलं. मेलो असतो तर निदान ही तरी सुटली असती.

माने सिस्टरांनी घड्याळाकडे पाहिलं. चंदना खिडकीबाहेर बघत होती.

स्वप्नालीने मान वर केली. डोळे भरले होते, पण आवाज सरळ होता. तिने माझा हात, तोच मोजणारा, आपल्या हातात घेतला.

"न्हाई दादा. तवर तुमचं अंग साथ दील असं मला वाटत न्हाई." आणि ती थांबली. पुढे घाईने काही बोलली नाही. "पण", "देव आहे", "काळजी करू नका", काही नाही. नुसता हात धरून बसली.

माझ्या कार्डावर यापुढे काही लिहिलेलं नव्हतं. कोंडीबाने आता काय म्हणायचं हे चंदनाने ठरवलंच नव्हतं. माझ्या तोंडून निघालं, "मग मेंढरं?"

"त्येच आज बोलूया," ती म्हणाली. "तुमच्या मनात काय हाय? कुणाकडं द्यायची?"

मला काय ठाऊक? मी काहीतरी म्हणायचं म्हणून म्हटलं, "थोरल्याकडं."

"थोरला पुण्यात रिक्षा चालवतो," भिंतीकडून आवाज आला. मलकापूरची नर्स होती.

"असंल. थोरला त्यो थोरला."

"थोरल्याला काय करायचीत मेंढरं?" दुसरी म्हणाली. "विकून मोकळा हुईल."

"मग धाकट्याला अर्धी."

"अर्धी का?" हा आवाज माने सिस्टरांचा होता. सगळ्यांनी वळून पाहिलं. त्यांचं पेन हवेत थांबलं होतं. "पाऊसपाण्यात फिरला तो धाकटा. रात्री जागला तो धाकटा. आमच्या म्हसवडकडं वडिलांनी हेच केलं. निम्मी थोरल्याला दिली, त्याने वर्षात बाजार दाखवला. तुम्ही शहाणे असाल तर सगळी धाकट्याला द्या."

"आवं, पर थोरल्याला काय वाटंल?" मी म्हटलं. हे मी म्हटलं की कोंडीबाने, मला सांगता येणार नाही.

"वाटू दे की! कधी बघायला आला का तो तुम्हाला?"

"सिस्टर, त्याला सुट्टी नसेल," चंदना म्हणाली.

"रिक्षाला कसली सुट्टी डॉक्टर? स्वतःची आहे रिक्षा."

मग एकच गोंधळ झाला. एक नर्स म्हणाली, मेंढ्या धाकट्याला आणि पैसे थोरल्याला. दुसरी म्हणाली, पैसे आहेतच कुठे, पैसे म्हणजेच मेंढ्या. माने सिस्टर उभ्या राहून सगळ्यांना खोडून काढत होत्या. मी केव्हा उठून बसलो आणि घोंगडं केव्हा खाली पडलं, मला कळलं नाही. मी दोनदा तोंड उघडलं, पण एवढ्या बायका एकदम बोलत असताना मध्ये बोलणं मला घरच्या लग्नातही जमलेलं नाही. मी परत तोंड मिटलं.

"मॅडम," स्वप्नाली म्हणाली.

कुणी ऐकलं नाही. तिने माझा हात सोडला नव्हता. दुसरा हात वर केला.

"मॅडम, जरा गप बसा. दादास्नी काय तरी बोलायचंय."

साताऱ्यात माने सिस्टरांना गप बस म्हणणारं कुणी नसावं. त्यांचं तोंड उघडं राहिलं. चंदनाने डोळे मिटून घेतले. माने सिस्टर क्षणभर स्वप्नालीकडे बघत राहिल्या, मग हळूच खुर्चीत बसल्या, कागद पुढे ओढला आणि त्यावर सर्वांत खाली एक ठळक रेघ मारून सही केली.

"पास," त्या चंदनाला पुटपुटल्या. "आणि आता सगळ्या गप बसा. म्हाताऱ्याचं ऐकू द्या."

आठ बायका माझ्याकडे बघत होत्या. इतकी माणसं माझं बोलणं ऐकायला थांबली आहेत असं यापूर्वी कधी झालं नव्हतं, आणि नेमकं काय बोलायचं होतं ते मी विसरलो. स्वप्नाली फरशीवर बसून वाट बघत होती. तिला अजिबात घाई नव्हती.

"म्हातारीसाठी एक शेळी मागं ठेवा," मी शेवटी म्हटलं. "दुभती."

"ठेवू," ती म्हणाली. "कुठली?"